बाळ पिता पिता मध्येच सोडून रडतं. दूध पुरत नाही की आणखी काही?

कातळफूल | १९ जुलै, रात्री २:५०

नमस्कार मंडळी. एका हाताने टाइप करतेय, चुका पोटात घाला.

देवगडजवळ माहेरी आहे. पहिलंच बाळ, मुलगा, आज सात आठवड्यांचा. सुरुवातीचे पंधरा-वीस दिवस छान प्यायचा. आता अंगावर घेतलं की मिनिट-दोन मिनिटं गटागटा पितो, मग ठसका लागतो, एकदम सोडतो, पाठीची कमान करतो आणि लालबुंद होऊन रडतो. परत घेतलं की डोकं इकडे-तिकडे घुसळतो, पकडतो, सोडतो, मुठीने मलाच मारतो. दिवसा त्यातल्या त्यात बरं. दिवेलागणीपासून दहापर्यंत नुसता गोंधळ. रात्री मी आडवी पडून पाजलं तर मात्र गपचूप पितो. तेव्हा वाटतं, हाच का तो संध्याकाळचा?

आई म्हणते दूध पुरत नाही. सासूबाई रोज फोनवर तेच. शेजारच्या काकी परवा पडवीतूनच "पोराचं पोट भरत नाही गो" म्हणून गेल्या. त्यामुळे सकाळी अळिवाची खीर, दुपारी मेथीचे लाडू, रात्री दुधातून शतावरी. शिवाय प्रत्येक वेळी पाजून झालं की पंपाने उरलेलं काढून टाकते. रिकामं केलं की नवीन भरतं असं कुणीतरी सांगितलं होतं. एवढं करूनही रडणं वाढतच चाललंय.

नवऱ्याने शनिवारी येताना पावडरचा डबा आणलाय. फोडलेला नाही. फडताळातून माझ्याकडे बघत असतो.

---

सुरंगी | रात्री २:५८

वेंगुर्ल्यातही एक बल्ब जळतोय हो. मुलगी, नऊ आठवडे. उत्तर नाहीये माझ्याकडे, पण पहाटेपर्यंत आहे इथेच.

---

रातराणी_दापोली | सकाळी ६:२०

पोटात वारा धरत असेल. गुटी सुरू केलीस का? वेखंड, मुरूडशेंग, हळकुंड, जायफळ, सहाणेवर दोन-दोन वळसे, मधातून चाटव. नाहीतर ग्राइप वॉटर. माझी दोन्ही मुलं त्यावरच वाढली. आणि दृष्ट काढ. मीठ-मोहरीला पैसे पडत नाहीत.

---

मालवणी_मावशी | सकाळी ७:०५

गो बाय, पॉर रडता म्हणजे दूध कमी असा ह्या तुका कोणी सांगल्यान? माका चार पोरां. एक रडायचा, एक नुसता झोपायचा, एक दर घटकेक प्यायचा, आणि धाकटा तर अंगावर घेतला काय पडवीतल्या मांजराक बघीत रवायचा. दूध तीच, आवस तीच. वजन वाढता मां? मगे झाला.

---

आंबोळी | सकाळी ८:४०

@रातराणी, दृष्ट काढायला माझी ना नाही, पण बाकीचं नको प्लीज. मध तर एक वर्षापर्यंत अजिबातच नाही. त्यातल्या जंतूंमुळे तान्ह्या बाळाचे स्नायू लुळे पडायचा आजार होऊ शकतो, म्हणून डॉक्टर इतकं बजावतात. सहा महिन्यांपर्यंत आईचं दूध सोडून काहीच द्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही.

गुटीचं म्हणाल तर माझ्याच घरात झालंय. मुलगी तीन महिन्यांची होती. आजेसासूबाईंना दिसत कमी, त्यात प्रेम जास्त. जायफळाचे वळसे जरा जास्तच झाले. पोरगी दुपारी एकला झोपली ती साडेपाचला हलवूनही धड जागी होईना, प्यायला तोंड उघडेना. रिक्षा करून दवाखाना गाठला. रात्रभर ठेवून घेतलं. सुदैवाने निभावलं. आजेसासूबाई त्यानंतर महिनाभर सहाणेकडे बघत नव्हत्या. आणि त्या वाईट नव्हत्या हो, तेच तर वाईट वाटतं.

---

रातराणी_दापोली | सकाळी ९:१०

प्रमाणात दिलं तर काही होत नाही. आमच्या चार पिढ्या गुटीवर वाढल्यात.

---

पडवीतला_म्हातारा | सकाळी ९:३२

ज्या वाढल्या त्याच धाग्यावर येतात, रातराणीताई. नाही वाढल्या त्या कशा लिहिणार?

माझ्या आईची अकरा बाळंतपणं. आम्ही सहा राहिलो. गुटी अकरांनाही मिळाली होती.

---

खाडीपल्याड | सकाळी १०:१५

बापमाणूस लिहितोय, सांभाळून घ्या. आमच्या वेळी आशाताईंनी एक सोपी गोष्ट सांगितली होती. दूध किती गेलं ते दिसत नाही, बाहेर किती आलं ते दिसतं. दिवसाला निदान सहा ओले लंगोट. मी उत्साहाने भिंतीवर कोळशाने रेघा मारायला लागलो. अडचण अशी की महिना जुलैचा. चुलीवरच्या दोरीवर एकूण बावीस लंगोट आणि सगळेच ओले. कुठला बाळाने भिजवलेला आणि कुठला धुऊन न वाळलेला, हे वास घेऊन ठरवावं लागायचं. बायको म्हणाली, तुम्ही मुंबईला जा.

तर प्रश्न: जन्माचं वजन किती, आणि सहाव्या आठवड्याच्या डोसला किती भरलं?

---

कातळफूल | दुपारी १२:४०

@खाडीपल्याड 😂 आमच्याकडे दोरी पडवीत आहे, आणि वासाचं खातं आजीकडे.

जन्माला २ किलो ९००. सहाव्या आठवड्याला उपकेंद्रात ४ किलो १५०. लंगोट दिवसाला दहा-बारा ओले असतात, मुद्दाम विचारून आले. शी चार-पाच वेळा, मात्र हल्ली हिरवट आणि फेसाळ. आई म्हणते सर्दीमुळे. नाक जरा वाजतं त्याचं.

@आंबोळी, वाचून काटा आला. गुटी आईने काढली होती, मीच थांबवली.

---

खाडीपल्याड | दुपारी १२:५५

१२५० ग्रॅम, ४२ दिवस. दिवसाला जवळजवळ ३०. पहिले दोन-चार दिवस बाळाचं वजन उतरतं ते धरलं तर त्याहून जास्त. ह्याला दूध पुरत नाही म्हणणाऱ्याने आधी ह्याला उचलून दाखवावं.

---

निवृत्त_सिस्टर | दुपारी ३:३०

राजापूर तालुक्यात उपकेंद्रं आणि ग्रामीण रुग्णालय मिळून एकतीस वर्षं काढली. कातळफूल, तुझी पहिली पोस्ट दोनदा वाचली. उत्तर त्यातच आहे, फक्त सगळ्यांचं लक्ष रडण्याकडे गेलं.

तू लिहिलंस की तो आधी गटागटा पितो, मग ठसकतो आणि मग सोडतो. दूध कमी असलं की बाळ ओढत राहतं. ठसकत नाही. आता एक सांग. तो एका बाजूला पीत असताना दुसऱ्या बाजूने दूध गळतं का? आणि त्याने झटकन तोंड काढलं की धार उडते का? उडत असेल तर तुझा पान्हा जोराचा आहे. बाळ ओढायला लागलं की आईच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटतं, दुधाच्या ग्रंथी आवळल्या जातात आणि दूध पुढे ढकललं जातं. काहींचं ते सावकाश येतं, काहींचं पागोळी तोंडावर धरल्यासारखं. सात आठवड्यांचं पोर, ते गिळणार किती आणि श्वास कधी घेणार? म्हणून सोडतं, रागावतं, आणि भूक तर आहेच, म्हणून परत येतं.

आडवं पडून पाजल्यावर शांत पितो, तेही ह्याच्याशी जुळतं. कुशीवर असलं की धारेचा जोर कमी होतो आणि जास्तीचं तोंडाच्या कडेने ओघळून जातं.

आता तुला ओरडते. पंप. दूध मागणीवर बनतं. त्याचं पोट भरल्यावरही तू रोज काढून टाकतेस म्हणजे शरीराला सांगतेस की घरात जुळी आहेत. ते बिचारं त्या हिशेबाने बनवतं, धार वाढते, तो जास्त ठसकतो, जास्त रडतो, आणि तुम्ही सगळ्या मिळून आणखी अळीव शिजवता! (अळिवाने दूध खरंच किती वाढतं ह्याला पक्का पुरावा नाही. लोह चांगलं असतं, चव आवडत असेल तर खा. पण पंपाने वाढतं, हे नक्की.) हिरवट फेसाळ शीसुद्धा बऱ्याचदा जास्त दुधाचीच असते. अशी बाळं पुढचं पातळ दूध भराभर पिऊन पोट फुगवून घेतात.

काय करशील? पंप एकदम बंद करू नकोस, गाठी येतील आणि ताप चढेल. फार दाटलं तर हलकं वाटेल इतपतच हाताने काढ, आणि आठवडाभरात तेही सोड. पाजताना मागे रेलून बस, उशा घेऊन, जवळजवळ आरामखुर्चीत बसल्यासारखं. त्याला पोटाला पोट लावून वर घे, म्हणजे त्याला खालून वर ओढावं लागेल. पहिली धार आली की तोंड काढ, फडक्यावर जाऊ दे, जोर ओसरला की परत लाव. एक बाजू त्याने स्वतःहून सोडेपर्यंत दुसरी देऊ नकोस. आणि तो रडून लाल झाल्यावर पाजायला घेऊच नकोस. मुठी चोखायला लागला, तोंड वळवायला लागला की घे. रडणं ही भुकेची शेवटची घंटा आहे.

डोक्याला मागून दाबू नकोस हं. आमच्या जुन्या बायका दाबायच्या, मीही सुरुवातीला दाबायला शिकवलंय. दाबलं की बाळ उलट मागे जातं.

---

कातळफूल | दुपारी ४:१०

सिस्टर. धार उडते. काल भिंतीवरच्या कॅलेंडरपर्यंत गेली. मी तर ते हसण्यावारी नेलं होतं. आणि दुसऱ्या बाजूला कायम घडी केलेलं फडकं लागतं.

म्हणजे मीच वाढवून ठेवलं?

---

निवृत्त_सिस्टर | दुपारी ४:२५

तू नाही, सगळ्यांनी मिळून. आणि मायेपोटी. रडत बसू नकोस, पाण्याचा तांब्या जवळ ठेव आणि रेलून बस.

---

चिऊताई_सात | संध्याकाळी ५:००

सिस्टरांचं पटलंच, पण "नाक वाजतं" कुणी धरलं नाही. कातळफूल, धुरी देता का बाळाला? माझ्या माहेरी श्रीवर्धनला पावसात दारं-खिडक्या लावून शेगडी आत, त्यावर ओवा, शेपा, लसणीची सालं, दोन्ही वेळा. खोली अशी भरायची की आईचा आवाज यायचा, आई दिसायची नाही. नाक चोंदलं की बाळ पिऊच शकत नाही, कारण पिताना श्वास नाकानेच. आमच्या डॉक्टरांनी धुरी बंद करायला लावली आणि पाजायच्या आधी सलाइनचे थेंब, एक-एक. दोन दिवसांत फरक. आई चार दिवस माझ्याशी बोलली नाही, पण तिचाही खोकला गेला.

बाम लावून कुणी घेऊ नये हेही सांगते. आणि छातीला सुगंधी पावडर नको. काही बाळांना वास बदलला तरी चालत नाही.

---

कातळफूल | संध्याकाळी ५:२०

धुरी रोज, न्हाऊ घातल्यावर आणि दिवेलागणीला. दिवेलागणीला! संध्याकाळचा गोंधळ तिथूनच सुरू होतो. थांबा, आईशी बोलून येते. शुभेच्छा द्या.

---

पडवीतला_म्हातारा | संध्याकाळी ५:३१

द्रोणागिरी उचलणं सोपं होतं.

---

दोन_पिल्लांची_आई | रात्री ९:४५

धागा चांगला चाललाय, पण एक बोलायचंय. "डबा फडताळातून बघतो" वगैरे वाचून हसू आलं आणि लागलंही. माझ्या थोरल्याचं वजन वीस दिवसांतही जन्माइतकं परत आलं नव्हतं. लंगोट दिवसाला तीन. मी "आईचं दूधच सर्वोत्तम" धरून बसले होते आणि पोर वाळत होतं. शेवटी डॉक्टरांनी सांगून पावडर सुरू केली. नंतर कळलं, त्याची जीभ खालच्या पडद्याने बांधलेली होती, ओढताच येत नव्हतं. आधी कुणी तोंड उघडून बघितलंच नाही. आज सातवीत आहे, कबड्डी खेळतो. डब्याकडे राक्षसासारखं बघू नका एवढंच.

---

आंबोळी | रात्री १०:००

@दोन_पिल्लांची_आई, बरोबर आहे. वजन वाढत नसेल तर गोष्ट वेगळीच. इथे वाढतंय म्हणून आम्ही बिनधास्त बोलतोय.

---

पडवीतला_म्हातारा | रात्री १०:१२

डबा राक्षस नाही, त्याची जाहिरात राक्षस होती. गुटगुटीत गोरं बाळ छापून आयांना घाबरवायचे. म्हणून १९९२ साली कायदा झाला. आता बाळाच्या दुधाच्या डब्याची जाहिरात करता येत नाही, आणि आईचं दूधच उत्तम असं डब्यावरच छापावं लागतं. औषध म्हणून घरात असू दे, देव म्हणून नको.

---

निवृत्त_सिस्टर | रात्री १०:३०

दोन_पिल्लांची_आई, तुझी पोस्ट इथे हवीच होती. तर कातळफूल, आणि वाचणाऱ्या बाकीच्याही: ओले लंगोट सहाच्या खाली गेले, बाळ मलूल झालं, पिण्यासाठीही उठेना, हिरवी उलटी झाली, शीत रक्त दिसलं, तर धागे वाचत बसायचं नाही. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ किंवा त्याहून जास्त ताप म्हणजे त्याच दिवशी दवाखाना, मग कितीही पाऊस असो. तोंडात पांढरे डाग असतील आणि पुसून जात नसतील तर तेही दाखवायचं, तोंड आलेलं बाळ असंच सोडून सोडून रडतं. जिभेखाली बघायलाही सांगायचं.

---

सुरंगी | रात्री ११:५०

विषयांतर करू का? मासे कधीपासून खायचे? सासूबाई सव्वा महिन्यानंतरही फक्त पेज, मऊ भात आणि सुक्या खोबऱ्याची चटणी देतायत. मी खाल्लं तर बाळाच्या पोटात दुखतं म्हणे. समोर समुद्र आणि मी पेजेवर.

---

खाडीपल्याड | रात्री ११:५५

३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांना बंदी आहे, ताई. समुद्र नुसता बघायलाच. तोवर सासूबाई जिंकल्या.

---

मालवणी_मावशी | २० जुलै, सकाळी ६:५०

खाडीची मुडदुशी गावतत मां. मी बाराव्या दिसाक तिरफळा घातलेला तिखला खाल्लंय. चारय पोरां धडधाकट.

---

निवृत्त_सिस्टर | सकाळी ९:००

मासे खा ग. आईने तिखट खाल्लं म्हणून बाळाला मुरडा येत नाही. मोरी आणि मोठी इसवण तेवढी जपून, त्यांच्यात पारा जास्त असतो. बांगडा, तारली बिनघोर.

---

कातळफूल | २४ जुलै, दुपारी २:१५

आले. हिशेब देते.

धुरी: आईने ऐकलं नाही. आजीने ऐकलं! म्हणाली, "माझ्याच डोळ्यांना ती झोंबते, सांगायची कुणी?" आता शेगडी मागीलदारी, दार बंद. थेंब उपकेंद्रातून विचारून घेतले. नाक मोकळं झालं.

पंप: पहिले दोन दिवस दगड झाले होते, थंड फडकं ठेवून आणि हाताने थोडंथोडं काढून निभावलं. कालपासून बरं आहे. गळणं निम्म्यावर आलंय.

रेलून बसणं: आजोबांची आरामखुर्ची ताब्यात घेतली. पहिल्या दिवशी जमलंच नाही, तो घसरून कुशीत गेला आणि मी घामाघूम. दुसऱ्या दिवशी आजीने पाठीला गोधडीची गुंडाळी लावून दिली. पहिली धार फडक्यावर, मग परत. आणि सिस्टर, काय सांगू, तो प्यायला. ठसका नाही. गुटुक, गुटुक, थांब, श्वास, गुटुक. पाच मिनिटांनी त्याची मूठ सैल पडली. मला इतके दिवस माहीतच नव्हतं की ती पिताना सैल पडते. बोटांच्या बेचक्यात गोधडीच्या दोऱ्याचे गुंते साठले होते, ते काढत बसले.

पण संध्याकाळ अजून आहेच. कमी झालं, गेलं नाही. सात ते नऊ तो पितो, सोडतो, दहा मिनिटांनी परत मागतो. हे अजून पान्ह्याचंच का?

---

निवृत्त_सिस्टर | दुपारी ३:४०

नाही, हे बहुतेक त्याच्या वयाचं. संध्याकाळी थोडंथोडं, परत परत पिणं बऱ्याच बाळांचं असतं, आणि तेव्हा दूधही दिवसापेक्षा सावकाश येतं. शिवाय सहाव्या-सातव्या आठवड्यात एकूण रडणं सगळ्यात जास्त असतं. तीन-चार महिन्यांपर्यंत आपोआप ओसरतं. ते दोन तास पाजणं एके पाजणं धरू नकोस. खांद्यावर घे, ढेकर काढ, अंधाऱ्या खोलीत फिरव. आणि तू सोडून घरातल्या दुसऱ्या कुणीतरी फिरवायचं.

---

खाडीपल्याड | दुपारी ४:००

आमची लेक फक्त पत्र्यावर पाऊस वाजत असला की गप्प व्हायची. पाऊस थांबला की मी टिनाच्या डब्यावर तांदूळ ओतायचो. दहा किलो सुरय तांदूळ त्या पावसाळ्यात किमान चारशे वेळा ओतला असेल.

---

रातराणी_दापोली | संध्याकाळी ६:१५

बरं वाटलं वाचून. गुटीबद्दल माझं मत लगेच बदललं असं म्हणणार नाही, पण मध मात्र सुनेला नको सांगितलं आहे. तिला सातवा लागलाय.

---

कातळफूल | २ ऑगस्ट, रात्री १:३०

अंगणवाडीत स्तनपान सप्ताह सुरू झालाय. आशाताई बोलावून गेल्या, "अनुभव सांगायला" म्हणे. मी कॅलेंडरचा किस्सा सांगणार आहे, आई म्हणते खबरदार.

वजन ४ किलो ६००. अळिवाची खीर बंद करायला आई तयार नव्हती, म्हणून शनिवारी नवरा आला की तो खातो. तो कोकणकन्येने येतो, वाटीभर संपवतो, आणि रविवारी जाताना लाडूही नेतो. दूध कुणाला येतंय बघू. डबा अजून तिथेच आहे, फोडलेला नाही, पण आता त्याच्यावर टॉर्च ठेवतो. लाइट गेले की बरोब्बर हाताला लागतो.

---

सुरंगी | रात्री १:३४

बल्ब अजून जळतोय. बांगडा आला. मी खाल्ला. लेक नऊ तास झाले, मजेत आहे.

---

मालवणी_मावशी | सकाळी ६:४०

सगळा सांगलंस गो, पण झिलाचा नाव काय ठेवलंस ता सांगूक नाय.